सेल्फ मारू नका ताई, आधी चेंबर उघडा

सांगलीच्या विश्रामबागेतून एका ताईंचं पत्र आलंय. मोठं आहे, थोडक्यात देतो.

"काकांनी १९७० च्या आसपास मिरजेतल्या एका परदेशी डॉक्टरांकडून सेकंडहँड एमजीए ही ब्रिटिश गाडी घेतली होती. आरसीवर १९५७ चं मॉडेल आहे, दोन सीटची, वरून उघडी. २००३ पासून ती गावभागातल्या वाड्यात उभीच आहे. २०१९ च्या पुरात सहा दिवस स्टिअरिंगपर्यंत पाणी होतं. पाणी उतरल्यावर बाहेरून धुतली आणि ताडपत्री टाकली, बाकी काही नाही. काका मागच्या दिवाळीत गेले. त्यांना मूलबाळ नाही, काकी म्हणतात तू घे, विकलीस तरी चालेल पण भंगारात घालू नकोस. मी बँकेत आहे, मुलगा नववीत आहे आणि त्याला खोलाखोलीचं वेड आहे. मेकॅनिक म्हणतो नवी बॅटरी लावून सेल्फ मारून बघू, चालू झाली तर इंजिन चांगलं. पेंटर म्हणतो बॉनेटला चुंबकच चिकटत नाही म्हणजे सगळी पुट्टी आहे, पूर्ण सोलून तीन महिन्यांत नवी करून देतो. दारांची बाहेरची हँडलंही कुणीतरी काढून नेलीत. मिस्टर म्हणतात पुण्याच्या गिऱ्हाईकाला देऊन मोकळी हो. मी आणि मुलगा मिळून घरी ही गाडी करू शकतो का, की हा वेडेपणा आहे?"

ताई, बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल, आधी मेकॅनिकला फोन करा आणि बॅटरी आणू नको म्हणून सांगा. माणूस वाईट नसेल तो, रोजच्या गाड्यांना ते चालून जातं, पण ही गाडी कृष्णेच्या पाण्यात सहा दिवस होती. ते नळाचं पाणी नव्हे, त्यात गाळ होता, आणि तो बारीक गाळ आत्ता तुमच्या इंजिनच्या खाली चेंबरमध्ये, म्हणजे तेलाच्या भांड्यात, बसलाय. सेल्फ मारला की ऑइल पंप पहिल्यांदा तोच गाळ ओढणार आणि बेअरिंगवर नेऊन घासणार. वरून एखाद्या सिलिंडरमध्ये पाणी राहिलं असेल तर पाणी काही दाबलं जात नाही, मग वाकतो तो पिस्टनचा कनेक्टिंग रॉड. जे इंजिन आज कदाचित साफसफाईवर सुटेल ते एका मिनिटात पूर्ण उघडायच्या लायकीचं होईल.

आणि बॅटरीचं अजून एक. या गाडीत कारखान्यापासून सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, सीटच्या मागे झाकणाखाली, आणि बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असतो. म्हणजे आपल्या आजच्या गाड्यांच्या बरोबर उलटं. मेकॅनिक सवयीने मायनस बॉडीला लावणार आणि बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनामोची, त्याच्या रेग्युलेटरची वाट लागणार. बॅटरीच्या झाकणावर आजच मार्कर पेनने मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, प्लस बॉडीला.

आता हँडलं आणि चुंबक. हँडलं चोरीला गेलेली नाहीत! उघड्या टपाच्या एमजीएला बाहेरून हँडल नसतंच, आत हात घालून दोरी ओढायची आणि दार उघडायचं, गाडी बनलीच तशी. आणि बॉनेट, डिकीचं झाकण, दारांचा बाहेरचा पत्रा हे ॲल्युमिनियमचं आहे म्हणून चुंबक चिकटत नाही. पेंटरला हे माहीत नसणं मी समजू शकतो, पण ज्याला हे माहीत नाही त्याच्या हातात सोलायला ही गाडी देऊ नका. तो ॲल्युमिनियमला लोखंडासारखं ग्राइंडर लावेल आणि पत्रा कागदासारखा पातळ करून ठेवेल. चुंबक फिरवायचं ते मडगार्डवर आणि दाराखालच्या पट्टीवर. तिथे नाही चिकटलं तर मात्र समजायचं की आत पुट्टी भरलीय.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर, हो, घरी होईल. अगदी सगळं नाही, वेल्डिंग आणि रंग बाहेरच्या माणसाकडूनच करून घ्यावं लागेल, पण निम्म्याहून जास्त काम तुम्ही आणि तुमचा मुलगा करू शकता. आणि ही गाडी त्याला फार चांगली आहे, कारण साधी आहे. चेसिस वेगळी, बॉडी वेगळी, कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही, फ्यूज दोनच. लोक आता एमजी म्हटलं की शोरूममधली नवी एसयूव्ही समजतात, पण मूळ नाव मॉरिस गराजेस, ऑक्सफर्डचं, आणि तुमची गाडी ॲबिंग्डनच्या कारखान्यातली. एमजीए १९५५ ते १९६२ बनली, लाखभर बनल्या, त्यामुळे तिचे पार्ट ब्रिटनमध्ये आजही नवे बनतात आणि कुरिअरने येतात. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की १९५७ चं मॉडेल म्हणजे १४८९ सीसीचं बी सिरीज इंजिन, आणि आपल्या ॲम्बेसेडरला वर्षानुवर्षं पेट्रोलमध्ये जे १४८९ सीसीचं इंजिन होतं ते याच खानदानातलं! एमजीएचं तापट, एसयू कंपनीच्या दोन कार्बोरेटरवालं, आणि ॲम्बेसेडरचं शांत, एका कार्बोरेटरचं, पण मूळ एक. सगळं जसंच्या तसं बसेल असं नाही, प्रत्येक पार्ट जुन्याशेजारी ठेवून मोजूनच घ्यायचा. पण ज्या जुन्या मिस्त्रीने वीस वर्षं ॲम्बेसेडर टॅक्सीची इंजिनं बांधली त्याला तुमचं इंजिन परकं वाटणार नाही, आणि असे मिस्त्री मिरज स्टँडच्या आसपास, कुपवाडला, कोल्हापूरच्या उद्यमनगरात अजून सापडतात, साठी-सत्तरीचे असतील. मी तुमच्या जागी असतो तर स्पेअर पार्ट शोधायच्या आधी असा माणूस शोधला असता.

गाडी वाड्यातून विश्रामबागेला आणताना दोरी बांधून ओढू नका, फ्लॅटबेडवर आणा, चाकं जाम असतील. आणल्यावर पहिला रविवार नुसते फोटो काढण्यात घालवा. मी गंमत म्हणून सांगत नाहीये. प्रत्येक वायर, प्रत्येक क्लिप, कोणता बोल्ट कुठल्या बाजूने घातलाय, दोनशे-तीनशे फोटो होऊ देत. मुलाला वही द्या. जे निघेल ते झिपच्या पिशवीत, पिशवीवर नाव आणि तारीख. माझी स्टँडर्ड हेराल्ड मी उत्साहाच्या भरात एका महिन्यात शेवटच्या नटपर्यंत खोलली होती, बॉडी एका गॅरेजला दिली, त्यांनी जागा बदलली आणि दोन खोकी पार्ट कुठे गेले ते आजपर्यंत कळलं नाही. डॅशबोर्डची घड्याळं, दरवाज्याच्या बिजागऱ्या, सगळं त्यात होतं. चार वर्षं गाडी साताऱ्यात माझ्या पार्किंगमध्ये नुसता सांगाडा म्हणून उभी राहिली आणि त्या चार वर्षांत मला तिच्याकडे बघवत नव्हतं. म्हणून हात जोडून सांगतो, एका वेळी एकच भाग खोला, तो पुरा करा, बसवा, मगच पुढचा. गाडी कायम गाडीसारखी दिसली पाहिजे, चाकांवर उभी. मुलाचा उत्साहही त्यानेच टिकतो.

आता इंजिन. चेंबरचा ड्रेन बोल्ट हळू सोडा, खाली पसरट टब ठेवा. पाणी तेलापेक्षा जड असतं त्यामुळे आधी पाणी येईल, मग तेल. चहासारखं दुधाळ आलं तर दोन्ही घुसळलं गेलंय. त्यानंतर चेंबर खाली उतरवायचंच, नुसतं तेल बदलून भागवायचं नाही, कारण गाळ तळाला आणि पंपाच्या जाळीला बसलेला असतो. जाळी रॉकेलने धुवा. चारही प्लग काढा, आत टॉर्च मारून बघा, मग प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल घाला आणि आठवडाभर विसरून जा. मग गाडी न्यूट्रलला टाकून, प्लग बाहेरच ठेवून, पुढच्या हँडलने हळूच फिरवून बघा. या गाडीला हँडल मारायची सोय आहे, काकांच्या टूलकिटमध्ये असेलही ते. फिरलं तर देवापुढे साखर ठेवा. नाही फिरलं तर पाइप लावून जोर करू नका, तेल घाला, अजून आठवडा थांबा. तरी नाहीच हललं तर हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, उतरवावं लागेल, ते त्या जुन्या मिस्त्रीसमोर.

गिअरबॉक्स आणि मागचा एक्सलसुद्धा पाण्यात होते हे लोक विसरतात. दोन्हीकडचं तेल सोडा. एमजीएच्या गिअरबॉक्समध्ये इंजिन ऑइलच जातं, गिअर ऑइल नाही, एक्सलमध्ये मात्र नव्वद नंबरचं हायपॉइड गिअर ऑइल. चाकांची बेअरिंगं काढून धुवून नवं ग्रीस भरा, पुढची चाकं ज्यांच्यावर वळतात त्या किंगपिनांना निपलमधून ग्रीसगन मारा, जुनं गाळाचं ग्रीस बाहेर येऊन स्वच्छ दिसेपर्यंत.

पान्यांचं सांगायचं राहिलं. ही गाडी इंचात आहे. आपला १३ चा पाना अर्ध्या इंची नटला बसल्यासारखा वाटतो, पण अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, तो सरकतो आणि नट गोल होतो, आणि गंजलेला नट गोल झाला की एका नटापायी अख्खा रविवार जातो. इंची पान्यांचा एक चांगला सेट हा तुमचा पहिला खर्च. दुसरा, उचललेल्या गाडीखाली टेकू लावायच्या लोखंडी घोड्यांच्या दोन जोड्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मुलाने डोकंसुद्धा घालायचं नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून.

इंजिन फिरलं की सगळ्यांना ते चालू करायची घाई होते, काकींनाही होईल. पण माझं ठाम मत आहे की आधी ब्रेक. सुरू झालेली गाडी कोणी ना कोणी गेटबाहेर काढतोच, थांबवता आली नाही तर? तुमच्या गाडीला चारही चाकांना ड्रम आहेत. चाकांतले ब्रेकचे सिलिंडर बहुतेक सगळे जाम असतील, पेडलजवळचा मास्टर सिलिंडरसुद्धा, आणि त्यात ब्रेक आणि क्लचचं ऑइल एकाच डब्यातून जातं त्यामुळे दोन्ही एकदमच करावं लागेल. रबरी पाइप बाहेरून कितीही बरे दिसू देत, बदला, जुना पाइप आतून फुगतो आणि ब्रेक दाबल्यावर सुटतच नाही. लोखंडी ब्रेक लाइनसुद्धा नव्या करा. आणि ड्रम उघडल्यावर आतली धूळ फुंकायची नाही, हवेच्या पाइपने तर अजिबात नाही, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतो, ओल्या फडक्याने पुसा, मास्क लावा, आणि हे काम मुलाला देऊ नका, तुम्ही करा.

वायरिंग पुरात गेलं असं समजा. तांब्याला हिरवा गंज चढलेला असतो, तो दिसत नाही आणि मग दोन वर्षांनी रात्री करमाळे फाट्यावर लाइट जातात. पूर्ण नवं वायरिंग टाका, जुन्या रंगांप्रमाणेच टाका म्हणजे मॅन्युअलमधला नकाशा उपयोगी पडेल, बॅटरीला मेन कटऑफ स्विच लावा, सीटमागे छोटं आग विझवायचं सिलिंडर ठेवा. डायनामो आणि स्टार्टर मात्र टाकू नका. ज्या जिल्ह्यात शेतात पाणबुडी मोटारी आहेत, ज्या जिल्ह्यात किर्लोस्करवाडी आहे, तिथे मोटर रिवायंडिंग करणारा माणूस शोधायला लांब जावं लागत नाही, आणि त्यांच्यासाठी हे किरकोळ काम.

पेट्रोलचं जरा लक्ष देऊन वाचा, कारण काकांच्या काळात हा प्रश्नच नव्हता. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, जे आपल्याच भागातल्या कारखान्यांत उसापासून बनतं, शेतकऱ्याला त्याचा फायदा आहे आणि मला त्याबद्दल तक्रार नाही, पण १९५७ चं रबर त्याला टिकत नाही. नळ्या मऊ पडतात, कार्बोरेटरचे वॉशर फुगतात, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं म्हणून उभ्या गाडीच्या टाकीत गंज धरतो. टाकी उतरवून आतून साफ करून घ्या, सगळ्या नळ्या इथेनॉल चालणाऱ्या घ्या, एसयूचं किट मागवताना तसंच सांगून मागवा, आणि महिना-दीड महिना गाडी निघणार नसेल तर टाकीतलं पेट्रोल स्कूटरला घालून संपवा. गाडीचा पेट्रोल पंप इलेक्ट्रिक आहे, चावी फिरवली की मागून टिकटिक ऐकू येते आणि थांबते. थांबतच नसेल तर कुठेतरी गळतंय किंवा टाकी रिकामी आहे, चावी बंद करून शोधा. शिशाचं पेट्रोल २००० मध्ये बंद झालं, त्यावरून कोणी घाबरवलं की शिशाशिवाय इंजिनच्या व्हॉल्व्ह सीट झिजतील, लगेच बदलून घ्या, तर हेड कधी उघडाल तेव्हा कडक सीट बसवून घ्या, तेवढ्यासाठी आत्ता उघडू नका.

दोन कार्बोरेटर जुळवणं मुलाला शिकवा. एक हातभर रबरी नळी, एक टोक कानाला, दुसरं आधी एका कार्बोरेटरच्या तोंडाशी मग दुसऱ्याच्या, दोन्हीकडे हवेचा सूंऽऽ आवाज सारखा येईपर्यंत स्क्रू फिरवायचा. कानात तो आवाज एकदा बसला की आयुष्यभर जात नाही. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटचा गॅप साधारण ०.४ मिलिमीटर, फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-३-४-२, हे दोन्ही त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर.

बॉडीत घाबरायची जागा एकच, दाराखालची पट्टी आणि दाराचे खांब. तिथे गंज खोल जातो. वेल्डरला सांगा की पट्टी कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवा अँगल टॅक करून घे, नाहीतर कापल्यावर चौकट हलते आणि मग दार जन्मात नीट लागत नाही. टाकी उतरवलेली आणि बॅटऱ्या काढलेल्या असल्याशिवाय वेल्डिंग नाही. पायाखालची जमीन या गाडीत पत्र्याची नसून प्लायवूडची असते, ती पुरात सडलीच असेल, आणि हे सगळ्यात आनंदाचं काम आहे, जुन्या फळ्या सुताराकडे माप म्हणून न्या, मरीन प्लाय कापून घ्या, काळा रंग द्या, एका दिवसात गाडीत बसता येतं. काकींना त्याच दिवशी बोलवा.

रंग सगळ्यात शेवटी. गाडी वर्षभर चालू द्या, जे गळायचं ते गळू द्या, मग रंग. कोणता रंग याचंही भांडण होणार घरात, त्यासाठी चेसिस नंबर कळवून ब्रिटिश मोटर म्युझियमकडून, गेडनला आहे ते, हेरिटेज सर्टिफिकेट मागवा. कारखान्यातून गाडी कोणत्या तारखेला, कोणत्या रंगात, कुठल्या देशासाठी निघाली ते त्यात येतं. ती मिरजेपर्यंत कशी आली तेही त्यातून थोडं उलगडेल.

कागद तुम्हाला सांगायला नको, बँकेत आहात, पण हे आधी करा, स्पॅनर हातात घ्यायच्या आधी. आरसी काकांच्या नावावर आहे, मालक वारल्यावर नाव बदलायचा फॉर्म ३१ आहे, मृत्यूचा दाखला आणि वारसांची संमती लागेल, तर काकींच्या नावावर की तुमच्या ते आत्ताच ठरवा. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी आहे, आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, नव्याने नोंदलेल्या गाडीच्या नंबरमध्ये व्हीए अक्षरं येतात, नोंदणी दहा वर्षांची. पण तशी नोंदणी केली की गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशाच कामांना काढता येते, रोज बँकेत नेता येत नाही. आणि चेसिस, बॉडी, इंजिन मूळचं राहिलेलं असावं लागतं, म्हणून कोणी जपानी इंजिन टाकून देतो म्हणालं तर दारातूनच परत पाठवा.

मिस्टरांचं म्हणणं मी चूक म्हणणार नाही. पैसा आणि रविवार दोन्ही जाणार आहेत आणि ते त्यांच्याही घरातले आहेत. पण विकायचीच असेल तरी आत्ता विकू नका. पुरात बुडालेली, बंद, कागद जुन्या नावावर अशा गाडीला गिऱ्हाईक भंगाराच्या वर थोडा भाव देतं. कागद झाले, इंजिन हाताने फिरलं, ब्रेक लागले, एवढ्यावर थांबून विकली तरी तुमचं नुकसान नाही आणि काकींचा शब्दही राहतो. तिथपर्यंत जाऊ आणि मग ठरवू, असं त्यांना सांगून बघा.

गाडी चालायला लागल्यावर पहिल्यांदा पहाटे हरिपूरला जाऊन या, संगमावर दहा मिनिटं थांबा, खाली वाकून काय गळतंय ते बघा आणि परत या. त्यानंतर तासगाव. साताऱ्याला याल तेव्हा यवतेश्वरचा घाट माझ्याबरोबर चढू, पण ते पुढच्या वर्षी. महिन्यातून एकदा तरी वीस-पंचवीस किलोमीटर काढा, अंगणात पाच मिनिटं चालू करून बंद करणं हे न चालवण्यापेक्षा वाईट, आत दमटपणा साठतो. तेल वर्षाला, ब्रेक ऑइल दोन वर्षांनी, झाकायला सुती कव्हर, प्लास्टिकची ताडपत्री पुन्हा कधीच नाही. आणि गाडी परत गावभागात ठेवणार असाल तर आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी बघायची सवय लावा, ४० फूट इशारा आणि ४५ फूट धोका हे सांगलीकरांना पाठ असतं, पण गाडीसाठी तुमचा आकडा ३० ठेवा. तीस झालं की गाडी उंचावर.

या रविवारी फक्त ड्रेन बोल्ट सोडा. काय निघालं, पाणी किती, तेल काळं की दुधाळ, तळाला किती गाळ, त्याचा फोटो मला पाठवा, ते बघून हेड उतरवायचं की नाही ते सांगतो.